ढाब्यावर कुणी रडत नाही

माझ्या सासूबाई चन्नम्मा एकोणीस वर्षं नळदुर्गजवळ हायवेवर ढाबा चालवतात. मी त्यांना आत्या म्हणते. सासरे रेवणप्पा ट्रक चालवायचे. अपघातात त्यांची कंबर गेली, तेव्हा आत्यांनी रस्त्याकडेला चूल मांडली. त्यांच्या भाकरी-पिठल्यासाठी ड्रायव्हर सोलापूरपासून भूक राखून येतात.

गेल्या वर्षी एका मालिकेच्या लोकांनी दोन दिवसांसाठी ढाबा मागितला. त्यांची नायिकाही ढाबेवाली, म्हणून आत्या खूश होत्या. पण पहिलाच प्रसंग असा, की दारू प्यालेला ड्रायव्हर तिचा हात धरतो, ती रडत गयावया करते आणि नायक येऊन तिला सोडवतो.

तीनदा रडून झालं. चौथ्यांदा आत्या उठून दिग्दर्शकापुढं उभ्या राहिल्या.

"साहेब, ही बाई रडायली कशाला?"

"प्रेक्षकांना तशीच आवडते, मावशी."

"मग रोज पन्नास ड्रायव्हर सांभाळती कशी ही?"

दिग्दर्शक हसले. नायिका झालेली मुलगी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "तुमच्यावर आला होता का असा प्रसंग?"

"आला की, पहिल्याच वर्षी. त्याच्या खिशाला गाडीची चावी लोंबत हुती, ती म्या ओढून घेतली. म्हणलं, समदी भांडी घास, मग चावी. घासली त्यानं!"

"मी हेच करणार," मुलगी म्हणाली. वाद झाला, चॅनेलला फोन गेले. शेवटी एकदा तिच्या मनासारखं घेऊन बघायचं ठरलं. पाय कसे रोवायचे, नजर कुठं ठेवायची, हे आत्यांनी तिला शिकवलं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका ढाब्यावर जमल्या. नायिकेनं चावी ओढली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. भांडी घासून झाल्यावर तरीही नायक तिला सोडवायला आलाच.

"ह्याला कुणी बोलवलं?" आत्या म्हणाल्या, आणि बायका पोट धरून हसल्या.

लग्नानंतर मला बी.एड.ला आत्यांनीच घातलं. आज मी शाळेत शिकवते. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "आत्या, मालिकेत तुमच्यासारखी सासू का दाखवत नाहीत?"

"त्यास्नी ठावंच न्हाय," त्या म्हणाल्या. "तू लिही की."

म्हणून हे लिहिलं.