सोनियाची खोली

सुलाबाईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. उणेपुरे चार वेळा भेटलो असेन. त्या वारल्याचं गेल्या महिन्यात कळलं, तेव्हा त्यांचं वय काय असेल तेही मला सांगता येईना. मला ठाऊक आहे ती फक्त त्यांच्या घराची आखणी.

मी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो. निवृत्तीनंतर कराडला घरी बसून काढतो. सुलाबाईंचा नवरा धुळा कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवतो. विट्याजवळ त्यांनी जागा घेतली. धुळा फोनवर एवढंच म्हणाला, "दोन पोरांच्या दोन खोल्या काढा." मी मल्हारची चौदा बाय दहा काढली आणि त्याच्या थोरल्या बहिणीची, सोनियाची, आठ बाय दहा. तसं कुणी सांगितलं नव्हतं. हाताला तशीच सवय होती.

सुलाबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "आण्णा, कागदावर मला कळत न्हाई. जाग्यावर चला."

जागेवर त्यांनी वाघूर आणली होती. रानातल्या मुक्कामाला मेंढरं कोंडायला भोवती लावतात ती जाळी. मेंढरं विकून दहा वर्षं झाली, पण वाघूर ठेवली होती. माझ्या मापाने चार मेखा ठोकून त्यांनी सोनियाची खोली उभी केली. आत खाट ठेवली, टेबल ठेवलं, कपाटाच्या जागी मोठी पेटी. अकरावीतली सोनिया खुर्चीवर बसली. उठायला गेली तर खुर्ची मागे सरकेना, खाटेला अडली.

त्यांचा दीर कोंडीबा हसला. "वैनी, पोरगी उद्या नांदायला जाणार. हितं काय मेंढरं बसवायचीत व्हय?"

"जाईल तवा जाईल. तवर पाय कुठं ठेवंल? तुमच्या डोक्यावर?" सुलाबाई म्हणाल्या. "कोकरू उभं ऱ्हाईल एवढीच वाघूर घालत न्हाईत, भाऊजी. आडवं पडंल एवढी घालत्यात. इसरलासा?"

कोंडीबाने धुळाला फोन लावून स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून धुळा म्हणाला, "आगं, आण्णांनी काढलंय ते इचार करूनच काढलं आसंल की."

सुलाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. तरी फोन हातात घेतला. "धुळा, विचार केलाच नव्हता. चूक माझी आहे."

तो हसला. "आता साक्षीदारच फुटला म्हटल्यावर! करा ती म्हणती तसं."

सुलाबाईंनी तिथल्या तिथे मेखा उपटल्या. दोन्ही खोल्यांच्या मिळून बावीस फुटांचे सरळ दोन भाग, अकरा-अकरा. मधल्या भिंतीची चुन्याची रेघ आखायला दोरी ताणली. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. आमचं शेवटचं बोलणं ते तेवढंच.

"आण्णा, टोक नीट धरलंय न्हवं?"

"धरलंय."

"मग बांधा मेखंला, आन टाका चुना."