कादंबरीचं फळ

त्या वर्षी मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं. दोन वर्षं तिथल्या वसतिगृहात राहायचं आणि मास्तरीण होऊन बाहेर पडायचं. तळेगावच्या शाळेत माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण आधीच तिथे पोचली होती. तिचं कार्ड आलं, "तुझी सातवी झालीय, तुला सहज घेतील. महिनाअखेर अर्ज पाठव." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई हो म्हणाली तर माझी ना नाही." म्हणजे सगळं सासूबाईंवर येऊन थांबलं.

पुनावळ्याच्या त्या घरात सासूबाईंना विचारल्याशिवाय चुलीवरचं पातेलंसुद्धा उतरत नसे. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. मला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. तरी दुपारी दाराला कडी लागली की जीव गुदमरायचा, आणि तक्रार करावी असं बोट ठेवायला काही सापडायचं नाही.

नवरा सायकलवरून पिंपरीच्या नव्या कारखान्यात जायचा. तिथे कामगारांचं वाचनालय निघालं आणि तो माझ्यासाठी नव्या कोऱ्या कादंबऱ्या आणू लागला. पण एकटीने मुकाट्याने वाचणं त्या घरात आळसात जमा होतं. "गप बसून काय वाचतीस? आमाला बी कळू दे की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. चातुर्मासात मी त्यांना पोथी वाचून दाखवत असे, त्याच थाटात आता कादंबरी पाटावर आली. त्या वाती वळत ऐकायच्या. आधी पुस्तकाला हात लावून तो डोळ्यांना लावायच्या. मला हसू यायचं, पण मी ते पदराआड दाबायची.

त्या कादंबऱ्यांबद्दल माझी मतं फार कडक होती. प्रेमात पडलेल्या माणसांना कामधंदा कसा नसतो? टेकडीवर फिरायला जातात, तेव्हा घरची भांडी कोण घासतं? नायकाला ऐन वेळी विषमज्वर होतो आणि नायिका उशाशी बसून सुंदर दिसते. आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसलेली बाई चार दिवसांत ओळखू येत नाही. आणि मैत्रिणी! त्या एका गैरसमजाने दुरावतात, एका पत्राने जवळ येतात. माझी मैत्रीण गैरसमजाने दुरावली नव्हती. माझं लग्न झालं, एवढंच झालं होतं. त्यावर कुणी कादंबरी लिहीत नव्हतं, याचा मला राग यायचा.

नायकाने नायिकेचा हात धरला की मी दोन पानं एकदम उलटायची आणि "मग त्यांचं लग्न ठरलं" असं ठोकून द्यायची. पहिली कादंबरी संपली तेव्हा सासूबाई हात जोडून बसूनच राहिल्या. "फळ सांग की," त्या म्हणाल्या. पोथीच्या शेवटी ती ऐकल्याचं फळ सांगतात, ते त्यांना हवं होतं. मी बेधडक सांगितलं, "हे ऐकेल त्याच्या घरात भांडण होणार नाही." त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. तेव्हापासून प्रत्येक कादंबरीला मी एकेक फळ जोडत गेले. त्यांच्या लेखी पोथी आणि कादंबरी यांत फरक नव्हता. छापलेलं ते खरं.

मैत्रिणीचं कार्ड आलं त्याच आठवड्यात एक वेगळी कादंबरी हाती लागली. नवऱ्याच्या घरात घुसमटलेली, शिकलेली बाई एक दिवस वळकटी उचलते आणि मैत्रिणीच्या खोलीवर जाते. शेवटच्या पानावर दोघी स्टोव्ह पेटवून चहा करतात. परत जायचं नाव नाही. इतक्या पुस्तकांत मला पटलेलं हे एकच. मी ठरवलं, हे सासूबाईंना ऐकवायचं, त्यांचं मन मऊ करायचं आणि मग विचारायचं.

ते मऊ होतही होतं. त्या कादंबरीतल्या नवऱ्यावर सासूबाई अशा भडकल्या की वाती बाजूला पडल्या. "जा म्हनावं बाई, जा. कुनासाठी ऱ्हातीस?" त्या म्हणाल्या. मी हुरूपाने पुढचं पान उलटलं.

शेवटच्या दिवशी आळीतल्या चार बायका ऐकायला आल्या. नवऱ्याला सुट्टी होती, तोही दारात टेकला. बाईने वळकटी उचलली तशा त्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने माझ्याकडेही पाहिलं. मी घाबरले. असली पुस्तकं ही वाचते, असं गावात झालं तर कॉलेज राहू दे, वाचनही बंद पडणार. डोळे पानावर ठेवून मी वेगळंच वाचत गेले. बाई आठ दिवसांत कंटाळली, रडत परत आली, नवऱ्याने तिला घरात घेतलं. फळही सांगितलं, "हे ऐकेल ती बाई आपल्या घरात सुखी राहील." बायकांनी हात जोडले. सासूबाई मात्र वाती गोळा करून आत गेल्या.

तीन दिवसांनी मी धीर करून सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, मी पुण्याला शिकायला जाऊ?"

त्या मला जवळ बसवून म्हणाल्या, "पोरी, आदी व्हय म्हनले असते. पर ती पुस्तकातली बाई एवढी शिकलेली, मैतरनीपाशी गेली आन् रडत माघारी आली. लिवलंय ते खोटं हाय व्हय? तुजे तसे हाल मला न्हाई बघवायचे."

"ते खोटं आहे, मी रचलंय," हे शब्द अगदी ओठांशी आले होते. पण मग आधीची सगळी फळंही खोटी ठरली असती, आणि माझं वाचलेलं त्यांनी पुन्हा कधी खरं मानलं नसतं. मी मान खाली घातली. माझ्याइतकी भित्री बाई मी अजून कुठल्या कादंबरीत पाहिलेली नाही.

मैत्रिणीला लिहिलं, "सासूबाई नाही म्हणाल्या." तिचं उलट टपाली कार्ड आलं. तिने सासूबाईंना नाही नाही ते बोल लावले होते, निर्दय म्हटलं होतं. मी तिलाही खरं कळवलं नाही.

कार्ड माझ्या हातात होतं आणि सासूबाई समोर शेंगा फोडत बसल्या होत्या. "काय म्हनती तुजी मैतरीन?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नमस्कार सांगितलाय," मी म्हटलं.

"गुनाची पोर हाय," त्या म्हणाल्या, "तिला येकदा हितं बोलाव."