डाग्नीनं धरलेलं दार

डाग्नीबाईला आम्ही कारखान्यात 'फौजदारीण' म्हणायचो. स्पिरिटच्या हॉलची ती मुकादम. दारात उभी राहून एकेकाची कॉलर उलटून बघायची. "नायलॉन? ठिणगी उडाली तर तुझ्याबरोबर मीही वर जाईन. आणि मला तुझ्यासोबत कुठंही जायचं नाहीये. जा, सुती घालून ये!"

चिडायचो, पण काय करणार, काम तसंच होतं. आमच्या कोगे गावच्या बंदरात लिंबाच्या वाळक्या साली उतरायच्या. त्या उकळून रस स्पिरिटमध्ये सोडला की पेक्टिन पांढऱ्या धाग्यांसारखं वेगळं व्हायचं. वाळवलं, दळलं की ते कुणाचा जॅम घट्ट करायचं, कुणाच्या जखमेवरच्या पट्टीत जायचं. इतकी निरुपद्रवी वस्तू, पण ती बनवताना स्पिरिटची वाफ सुटली तर मरण!

आमच्या डेन्मार्कात साठावा वाढदिवस लपवून लपत नाही. डाग्नीनं लपवला, तर तिचा नवरा एगिल केक घेऊन कँटीनमध्ये हजर. बस चालवून निवृत्त झालेला, कानानं अर्धा बहिरा, मनानं सोनं. आणि मेणबत्ती पेटवल्याशिवाय आमच्या लोकांना आनंद होतो कुठे?

"इथंच पेटव हं, मी तिला बोलावते," असं म्हणून मी कॉफी भरायला वळले. मागं बघते तर हा बाबा पेटता केक घेऊन, गाणं म्हणत, थेट हॉलच्या दाराशी!

दारावरचा लाल दिवा लुकलुकत होता. आत वाफ सुटली होती.

"एगिल! थांब, मेल्या, थांब!"

त्याला कसलं ऐकू येतंय! त्यानं खांद्यानं दार ढकललं. दार हललं नाही. काचेतून डाग्नीचा चेहरा दिसला, लालबुंद, तोंड वासलेला. खांदा लावून ती आतून दार रेटत होती आणि ओरडत होती.

"अगं, लाजतेस काय? उघड!" तो हसून आणखी जोरानं ढकलायला लागला.

दाराला आतून कडी नव्हती. फट पडायला लागली. मी धावत जाऊन कॉफीचं अख्खं भांडं केकवर ओतलं.

"वेडी झालीस काय गं!" एगिल माझ्यावर खेकसला. मी त्याला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं.

डाग्नी मागच्या दारानं अंगणात आली आणि गवतावर कोसळली. बाकीचे त्याच दारानं केव्हाच पळाले होते. तिलाही पळता आलं असतं. पण ती हटली असती तर एगिल आत शिरला असता.

ओकून झाल्यावर तिनं डोळे पुसले. "कुणी पेटवल्या?"

एगिल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. "मी. साठावा एकदाच येतो गं, म्हणून..."

मला वाटलं, आता देते एक ठेवून. तिनं त्याचा कान धरून स्वतःच्या तोंडाशी ओढला, नीट ऐकू जावं म्हणून.

"मला एकसष्टावाही हवाय, गाढवा. तुझ्यासकट."