आधारनानांनी कापलेला फोटो

आधार बैसाणे यांना धुळ्यात सगळे नाना म्हणतात. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, तरी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचा आजार सांगायची खोड गेलेली नाही. माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या घराजवळच आहे. मी हितेंद्र, जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करून देतो. एकदा एका घरचा शंभर वर्षांपूर्वीचा लग्नाचा फोटो साफ करत होतो. नाना खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "नवरदेव राहू दे. मागची मोटार मोठी कर."

त्यातून आमचा ग्रुप सुरू झाला. 'जुनी चाकं' असं त्याचं नाव, धुळे-जळगावचे चाळीसेक जण त्यात. कुणाच्या पेटीत, कुणाच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात जुन्या मोटारीचा फोटो सापडला की ग्रुपवर यायचा. गाडी कोणती, साल कोणतं, यावर दोन-दोन दिवस वाद चालायचा आणि शेवटी कुणीतरी लिहायचं, "नाना काय म्हणतात?" नाना सांगतील ते खरं. नोकरीत कधी मिळाला नव्हता तेवढा मान त्यांना साठी ओलांडल्यावर मिळाला.

मग मृणाली तायडे आली. मूळची फैजपूरची, जळगावच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. पहिल्याच आठवड्यात नानांनी एका फोटोवर 'फोर्ड, मॉडेल टी' असा निकाल दिला, तेव्हा तिने नम्रपणे लिहिलं, "नाना, मॉडेल टीला पुढे एकच आडवी स्प्रिंग असते ना? इथे दोन्ही बाजूंना लांबीत दिसताहेत. शेवरोले असेल का?"

ती बरोबर होती. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. नानांनीही अंगठ्याचं चिन्ह टाकलं, पण संध्याकाळी स्टुडिओत येऊन बसले ते तोंड पाडून.

"हिंमत बघ," ते म्हणाले. "तीस वर्षं मी स्प्रिंगा बदलल्या आणि मलाच स्प्रिंग शिकवते."

पुढे हे वरचेवर होऊ लागलं. हळूहळू लोक लिहायला लागले, "मृणालीताई काय म्हणतात?" नाना प्रत्येक तरुण मुलीला 'बेटा' म्हणायचे, हिला मात्र 'मॅडम'. तिचा मेसेज आला की चहा गार होईपर्यंत फोनकडे बघत बसायचे आणि त्यात चूक शोधायचे. सापडायची नाही. मग आणखी जळायचे.

दिवाळीत धरणगावच्या द्रौपदाबाईंकडून नानांना एक अस्सल फोटो मिळाला. गिरणा नदीच्या गुडघाभर पाण्यातून मोटार चालली आहे, आत फेटेवाले शेठजी आहेत, पुढच्या चाकापाशी एक माणूस पाण्यात उभा आहे. रेडिएटरच्या जाळीवर तिरक्या अक्षरांत नाव स्पष्ट दिसत होतं: ब्युइक.

"पुढचा अर्धा भाग काप," नाना मला म्हणाले. "मागचं चाक आणि वरचं कापडी हूड तेवढं ठेव."

"का?"

"काप म्हटलं ना."

मी कापला. मला सगळं कळत होतं, तरी कापला.

मृणालीने ग्रुपवर आलेल्या त्या अर्ध्या फोटोवर तीन दिवस घालवले आणि भीत भीत 'ओव्हरलँड कंपनीची गाडी' असं लिहिलं. पुढच्या रविवारी स्टुडिओत बैठक होती. नानांनी पूर्ण फोटो टेबलावर ठेवला. "द्रौपदाबाईंकडून मूळ प्रत कालच हाती आली," असं बिनदिक्कत सांगितलं. निवृत्त मास्तर जीवरामआबा हसत म्हणाले, "ताई, एक्स-रे चुकला बरं का!" सगळे हसले. मृणालीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. त्यानंतर महिनाभर तिने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

नाना दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका फोटोवर निकाल दिला, सगळ्यांनी 'वा नाना' लिहिलं, आणि ते मला म्हणाले, "ती काहीच बोलली नाही रे."

एका रविवारी भर दुपारी मृणाली त्यांच्या घरी आली. मीही तिथेच होतो. पाणी पिऊन तिने सरळ विचारलं, "नाना, मी धरणगावला जाऊन आले. द्रौपदाबाई म्हणाल्या, फोटो तुम्ही दिवाळीतच नेला होता, पूर्ण, आणि स्कॅन झाल्यावर परतही केला. मग कापला कुणी?"

 नानांनी फोन बाजूला ठेवला.

"मी कापायला लावला," ते म्हणाले. "पूर्ण दिला असता तर तू माझ्याआधी ओळखलं असतंस. मला ते सोसवत नाही. अजूनही सोसवत नाही."

मला वाटलं, ती उठून जाईल. तिने पर्समधून द्रौपदाबाईंकडच्या फोटोची प्रत काढली आणि चाकाजवळच्या माणसावर बोट ठेवलं. "यांचं नाव पुना. द्रौपदाबाईंचे आजोबा, शेठजींच्या गाडीचे मिस्तरी. त्या मला म्हणाल्या, 'हाऊ मना आजा शे. बठ्ठा लोके गाडीनं नाव इचारतस, यानं नाव कोनीच इचारत नही.' नाना, तुम्ही रेडिएटरबरोबर यांनाही कापलंत."

नानांचा चेहरा उतरला. आपल्याच धंद्यातला माणूस, आणि तो आपल्याला दिसलाच नव्हता. तिला मात्र दिसला. लाज आणि मत्सर दोन्ही त्यांच्या तोंडावर मी एकाच वेळी पाहिले.

संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर स्वतः लिहिलं: 'फोटो मी मुद्दाम कापला होता. खोटं बोललो. मृणाली तायडे यांची माफी मागतो.' चिडून दोन सभासदांनी ग्रुप सोडला. जीवरामआबांनी नानांना फोन करून चांगलंच सुनावलं. 

आठ दिवसांनी आम्ही तिघं धरणगावला गेलो. द्रौपदाबाईंनी मूळ फोटो भिंतीवरून काढून नानांच्या मांडीवर ठेवला. नाना भिंग लावून पुनांना न्याहाळत राहिले.

"यांच्या खांद्यावर हे काय?" मृणाली म्हणाली. "मला चाबूक वाटला."

"पंख्याचा पट्टा आहे तो," नाना म्हणाले. "पाण्यात गाडी घालायची तर आधी इंजिनचा पंखा थांबवायचा. नाहीतर तो पाणी उडवतो आणि गाडी मध्येच बंद पडते. पट्टा काढून खांद्यावर टाकलाय आणि स्वतः पुढे चालून तळ चाचपतोय. मिस्तरी पक्का होता."

द्रौपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मृणाली भिंग हातात घेऊन पुन्हा पुन्हा त्या पट्ट्याकडे बघत होती.

"मी पन्नास वेळा पाहिला हा फोटो," ती चिडून म्हणाली. "मला का नाही दिसलं?"

तिच्या आवाजातली ती जळजळ नानांनी बरोबर ओळखली. त्यांना हसू आवरेना.

"इकडे बस, बेटा," ते म्हणाले, "तुला पंखा कुठे असतो ते दाखवतो."