धुराची म्हैस

जळगावात आम्ही जुने मित्र जमलो की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो मिलमधला म्हशीचा किस्सा सांग ना!" आणि माझी पंचाईत होते. कारण तो एक किस्सा नाहीच. सरकीच्या ढिगाखालून एक मूठ ओढावी आणि अख्खा ढीग पायावर यावा, तसं होतं.

तर ऐका. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच बी.एस्सी. होऊन एका सरकीच्या ऑईल मिलमध्ये केमिस्ट म्हणून लागलो होतो. काम तेल तपासायचं, डोक्यात मात्र जग बदलायचं खूळ! एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की धुरातल्या कार्बनमुळे पृथ्वी तापते आहे, तेव्हा धूर सोडणाऱ्यावर कर बसवा आणि तो पैसा लोकांना सारखा वाटून टाका. मी वाचून पेटलोच. सरकार बसवेल तेव्हा बसवेल, आपल्या मिलमध्ये आजच का नाही?

आमच्या शेटजींना स्वस्त जळणाचा भारी शौक. बॉयलरमध्ये हलका कोळसा, ओली टरफलं, वेळेला जुने टायरसुद्धा! तो धूर थेट अंगणात उतरायचा, आणि अंगणात हमीदाआपा बायांबरोबर सरकी साफ करत बसलेली असायची. आपाचा खोकला थांबत नव्हता. डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "धूर सोडा, नाहीतर काम सोडा." आणि घर तर तिच्या एकटीच्या कामावर चालायचं.

म्हणजे पृथ्वी राहू द्या बाजूला, आधी आपाची नोकरी वाचवायची होती.

*

दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं मी आणि युनियनचे भीमराव शेटजींच्या केबिनमध्ये घुसलो. मी पाऊण तास भाषण दिलं. शेटजींनी चहा मागवला, प्यायला, कप खाली ठेवला.

"कारखाना माझा, कोळसा माझा. धूर वर जातो, आणि हवा देवाची. तुम्हाला पैसे कशाचे?"

भीमराव म्हणाले, "हवा देवाचीच, शेटजी. छाती आमची!"

पाऊण तासात मला जे जमलं नव्हतं, ते तिथे झालं. शेटजी हातातल्या आपट्याच्या पानांकडे बघत राहिले. सणाच्या दिवशी नाही म्हणणं त्यांच्याही जिवावर आलं असावं.

"चंपाषष्ठीपर्यंत करून बघू. मग मी सांगेन, ठेवायचं की मोडायचं."

*

आता धूर मोजायचा कसा? खरा चोर तो कार्बनचा वायू, पण तो डोळ्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्यासाठी शेटजी फक्त देवळात पैसे टाकतात! म्हणून ठरलं, रंगावर जायचं. पांढरा धूर म्हणजे बगळा, तो माफ. करडा म्हणजे गाढव, त्याचा दंड थोडा. काळाकुट्ट म्हणजे म्हैस, तिचा दंड जबर. फाटकाजवळ रेल्वेरुळाचा तुकडा टांगलेला होता. कंपाउंडच्या आत ज्याला म्हैस दिसेल त्यानं टोल द्यायचा. शनिवारी जमा रकमेचं वाटप. मुनीम असो की झाडूवाली, सगळ्यांना सारखं.

पहिल्याच दिवशी वाद! भीमराव म्हणाले, "म्हैस." शेटजी म्हणाले, "गाढव." दोन मोठी माणसं मान वर करून भांडतायत. शेवटी नशिराबादचा एक शेतकरी गुरांसाठी सरकीची ढेप न्यायला आला होता, त्याच्या ओळखीनं शेजारच्या गोठ्यातली खरीखुरी म्हैस आणून चिमणीखाली उभी केली.

म्हैस नेमकी डबक्यात लोळून आलेली. अंगावर वाळलेला चिखल!

शेटजी आनंदानं ओरडले, "बघा, करडी! म्हणजे गाढवच!"

हमीदाआपा उठली. बादली आणली, म्हैस खसाखसा धुतली, आणि बाजूला होऊन म्हणाली, "आता बोला, शेटजी!"

दंड भरला गेला.

*

पण एका आठवड्यानं भलतंच. बाजाराच्या आदल्या दिवशी चिमणीतून म्हशींचा कळपच निघाला! टायर तर शेटजींनी बंद केले होते. मी बॉयलरवर धावलो. तिथे काशिनाथ आबा, आमचे धुळ्याकडचे फायरमन, फावडं टेकून कपाळाला हात लावून बसलेले.

"आबा, हे काय?"

"मी काय करू रे भाऊ! बठ्ठा हमाल म्हनतस, आबा, उद्या बाजार शे, म्हैस काढ!"

बघा! धुराचे पैसे मिळतात म्हटल्यावर सगळ्या हमालांना धूरच हवा झाला. मासिकात हे लिहिलं नव्हतं. मी हमालांना व्याख्यान द्यायला निघालो, तेवढ्यात तोंडावर पदर धरून खोकत आपा पुढे आली.

"बाजाराला चाललात ना भाऊ? मग माझ्यासाठी खोकल्याची बाटली आणा. तुमच्या वाट्यातून!"

सगळ्यात दांडगा हमाल पायानं माती उकरत राहिला. त्याच संध्याकाळी हमालांनी आपण होऊन नियम केला. मुद्दाम म्हैस काढणाऱ्याचा वाटा बंद, आणि ती म्हैस शेटजींच्या नावावर नाही.

सुटका झाल्यासारखे आबा म्हणाले, "चला, मन्हा जीव सुटना!"

*

मग आले शेटजींचे साडू. धुळ्याचे मिलमालक, डिझेल जीप, गळ्यात चेन. टोलाची भानगड ऐकून हसायलाच लागले.

"धुरावर पैसे? उद्या हे घामावर मागतील!"

भीमराव म्हणाले, "शेट, घामाचेच तर आधीपासून मागतोय. तुम्ही देत नाही म्हणून धुरावर आलो!"

साडू तणतणत निघाले. जीपला किल्ली मारली, आणि जीपनं फाटकातच अशी म्हैस सोडली की आबांच्या बॉयलरला लाज वाटावी! आपानं टोल दिला. ठण्ण!

साडू म्हणाले, "मी पाहुणा आहे!"

आम्ही सगळे शेटजींकडे बघायला लागलो. शेटजींनी साडूंकडे बघितलं. या साडूंनी लग्नापासून प्रत्येक कार्यात त्यांना खाली बघायला लावलं होतं, हे साऱ्या मिलला ठाऊक.

शेटजी म्हणाले, "भरा, साडूभाऊ. इथे नियम सगळ्यांना सारखा!"

साडूंनी भरले! त्या दिवशी शेटजी संध्याकाळपर्यंत गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी टरफलांवर पत्र्याची शेड आली. बंद पडलेला ब्लोअर दुरुस्त झाला. कोरडं जळण नीट पेटायला लागलं, कोळसा कमी लागायला लागला, आणि चिमणीवर दिवसभर बगळे! शनिवारी वाटायला काही उरेना. पण अंगणात एक आवाज कमी झाला होता. आपा गाणं म्हणत सरकी साफ करत होती. मधे न थांबता!

*

चंपाषष्ठी आली. आज शेटजी सांगणार, ठेवायचं की मोडायचं. चातुर्मासात बंद असलेली वांगी आज सुटणार, म्हणून शेवटच्या दंडाचे पैसे न वाटता त्यातूनच आम्ही कामगारांनीच भरीत पार्टी ठरवली. असोद्याची हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. शेटजींनाही बोलावणं केलं.

ते आले आणि खाटेवर बसले. निकाल जेवणानंतर, म्हणाले. भीमराव अस्वस्थ, मी त्याहून. आपा वांग्यांना तेल लावत होती. तिचं तर सगळंच त्या एका शब्दावर अडलेलं.

आबांनी अंगणात कपाशीच्या काड्या रचल्या, वर वांगी मांडली आणि काडी लावली. काड्या दवानं ओल्या होत्या, त्यात वांग्यांचं तेल ठिबकलं. एकदम धूर उठला. काळाकुट्ट, गरगरत, पार शेडच्या वर!

ठण्ण!

सगळे दचकले. टांगलेल्या रुळाजवळ शेटजी उभे! हातात हातोडी.

"म्हैस! कंपाउंडच्या आत! कुणाची आहे?"

आबा पुटपुटले, "आते काय! हाई म्हैस आपलीच शे!"

भीमरावांनी डोक्यावरची टोपी काढून फिरवली. सगळ्यांनी खिसे उलटे केले, बायांनी कनवटीचं सोडलं. पुरा दंड भरला.

"आता वाटप," शेटजी म्हणाले. "आजच्या आज. रांग लावा. आपा, तुम्ही वाटा."

रांग लागली. आपा एकेकाच्या हातावर पैसे ठेवत गेली. आबा झाले, हमाल झाले, मुनीम झाले, मी झालो, भीमराव झाले. आपानं मान वर केली, तर समोर अजून एक हात पसरलेला.

"शेटजी, तुम्ही?"

शेटजी हात तसाच ठेवून म्हणाले, "का? मला छाती नाही?"