आईचं पित्त

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आईच्या ओकारीने. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. ती पहाटे न्हाणीत जाऊन तांब्याभर कोमट मिठाचं पाणी प्यायची, घशात बोटं घालायची आणि सगळं बाहेर काढायची. याला पित्त पाडणं म्हणायचे. तिसगावात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका पित्त पाडायच्या, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मी कानावर उशी दाबून पडून राहायचे. काळजी वाटायची म्हणून नाही. मला त्या आवाजाचा राग यायचा, निव्वळ राग.

तिचं डोकं दुखायचं. उजव्या बाजूने चढायचं आणि डोळ्याच्या मागे ठाण मांडून बसायचं. मग दिवसभर ती कपाळाला फडकं आवळून कामं करायची. खुरपणी चुकत नव्हती की डोक्यावरून आणायचं वैरणीचं ओझं चुकत नव्हतं. डोकं दुखलं म्हणजे पित्त, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे तिचं पथ्य सुरू झालं. आधी चहा बंद झाला, मग शेंगदाणे, मग तुरीचं वरण, मग आंबट म्हणून जे जे असेल ते. तिच्या ताटातून एकेक पदार्थ जात राहिला आणि आम्ही त्यालाच इलाज समजत राहिलो.

तिला मान वळवता यायची नाही. मागून हाक मारली की ती पायांपासून अख्खी वळायची. मी एकुलती एक, त्यामुळे चेष्टा करायला जोडीला फक्त अण्णा, म्हणजे माझे वडील. “बाजूला व्हा, ट्रॅक्टर वळतोय,” असं मी म्हणायचे आणि अण्णा खदखदून हसायचे. आईही हसायची.

पुढे मी नगरला माध्यमिक शाळेत शिक्षिका झाले. हाती पगार आल्यावर आईचं पित्त मुळापासून काढायचंच, असं मी मनावर घेतलं आणि तिला पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी विचारलं, “काय होतंय मावशी?”

आईने मानेच्या मागे, डोक्याचं हाड सुरू होतं तिथे उजवीकडे, बोट ठेवलं. “हितून कळ येती सायेब. मानंतून. मंग वर चढती.”

मी मध्येच तोंड घातलं. “डॉक्टर, त्यांना पित्ताचा जुना त्रास आहे. उपास फार करतात.”

डॉक्टर माझ्याकडे बघून लिहायला लागले. शिकलेल्या मुलीने सांगितलं म्हटल्यावर ते तरी दुसरं काय करणार? आईने मानेवरचं बोट खाली घेतलं. परत येताना रिक्षात मी तिला झापलं. “डॉक्टरांसमोर काहीही काय सांगतेस? एक काहीतरी धड सांगावं माणसाने.”

“मला जितं दुखतं तितं सांगितलं बाई,” ती म्हणाली.

दुर्बिणीने पोट तपासून झालं. थोडी सूज निघाली, गोळ्या मिळाल्या, आणि मी जिंकले. आई त्यानंतर तीन वर्षं होती. ती गेली हृदयाने, एका दुपारी, बसल्या जागी. डोक्याने गेली नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगते.

ती गेल्याच्या पुढच्या वर्षी माझं डोकं दुखायला लागलं.

सहामाहीचे पेपर तपासत होते. मान खाली घालून तीन तास झाले असतील. उजवीकडून काहीतरी वर सरकलं आणि डोळ्यामागे बसलं. मी चहा सोडला. दुसऱ्या आठवड्यात शेंगदाणे सोडले. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप मागे आला. एका पहाटे मला इतकं मळमळलं की मी बेसिनशी वाकले, आणि माझ्या घशातून तोच आवाज निघाला. हुबेहूब तोच, शेवटच्या खाकरण्यासकट. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. “घाबरलो ना मी,” तो म्हणाला. “वाटलं, तुझी आईच आहे आत.”

मला भीती वाटली. डोक्यात गाठबीट असेल याची नव्हे. मी जे तिला कधी खरं मानलं नाही, ते ती आता मला भोगायला लावते आहे, अशी भीती. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असलं काही मनात आणू नये, पण आलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळे तपासून आणायला लावले आणि फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. पहिल्या मजल्यावरची खोली, माझ्याच वयाच्या बाई. त्यांनी मला उताणी झोपवलं, डोकं दोन्ही तळव्यांत उचललं, हनुवटी छातीकडे आणली आणि मान हळूच डावीकडे फिरवली. गेली. उजवीकडे फिरवली, तर मध्येच अडली, कुलूप घातल्यासारखी.

“तुम्ही मागे बघताना मान वळवत नाही, अंग वळवता,” त्या म्हणाल्या. “दारातून येतानाच पाहिलं मी.”

मग त्यांनी मानेमागे एका जागी अंगठा दाबला. तिथे दुखलंच, पण त्याहून जास्त उजव्या डोळ्यामागे दुखलं. तीच कळ, तीच वाट.

“हेच ना तुमचं डोकं?” त्यांनी विचारलं. “दुखणं मानेतल्या वरच्या सांध्यांचं असतं, कळतं डोक्यात.”

मी रडायला लागले. त्यांना वाटलं जोर जास्त झाला. त्या क्षणी मला पक्कं वाटलं होतं, की तिथे टेकलंय ते आईचं बोट आहे.

रडणं आवरल्यावर मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, “माणूस तपासल्याशिवाय खात्रीने नाही सांगता येत. पण तुम्ही सांगताय त्यावरून मानेचंच असावं.”

“बरं झालं असतं?”

“बऱ्याच जणांना आराम पडतो.”

“तुम्ही इथे कधीपासून आहात?”

“बारा वर्षं होतील.”

त्यांच्या खिडकीतून समोर त्या पोटाच्या डॉक्टरांचा जिना दिसतो. आईला मी तो जिना चढवला, त्याला फक्त चार वर्षं झाली होती.

दीड महिना मी जात राहिले. हनुवटी आत ओढायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. मान मोकळी झाली, डोकं थांबलं, चहा परत सुरू झाला. आवाज मात्र थांबला नाही. अजूनही पहाटे बाथरूममधून तो येतो. मी उठून दिवा लावते. नवऱ्याला काही ऐकू येत नाही.

यंदा पितृपक्षात अविधवा नवमीला मी तिसगावला गेले. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईची पित्रं त्या दिवशी घालतात. पित्राच्या पानावर कढी लागतेच, पण आमच्याकडे आईच्या पानावर अण्णा कढी वाढू देत नाहीत. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, तर म्हणाले, “तिला चालत न्हाई. मेल्याव कशाला तरास?” तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले होते, माझेसुद्धा.

यंदा मी द्रोणात कढी वाढून पानावर ठेवली.

“ए बाई, ती नको,” अण्णा म्हणाले. “पित्त हुतं तिला.”

“अण्णा, तिला पित्त नव्हतं. तिची मान धरलेली होती. डोकं मानेतून दुखायचं. ती सांगत होती, आपण ऐकलं नाही.”

अण्णा पाटावर बसले.

“मंग ती वकायची, ते?”

“आपण सांगायचो म्हणून.”

“पानी मीच गरम करून द्याचो,” ते म्हणाले. “तिच्या आदी उटून. कंदी नको म्हनली न्हाई.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तवा हुतं का कुनी नगरला, मानंचं बगनारं?”

“नव्हतं,” मी म्हणाले. “हे आत्ताच आलंय सगळं.”

“मंग आपन तरी काय करनार हुतो.”

“हो ना.”

त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी पान जवळ ओढलं आणि द्रोणात डोकावून पाहिलं.

“आनखी घाल थोडी,” ते म्हणाले. “लई आवडायची तिला.”

मी घातली. द्रोण काठोकाठ भरला.