शिवेपलीकडची जमीन

हमालीपासून जमवलेलं सगळं मी एका जमिनीत घातलं. ती जिवतीच्या डोंगरात, तेलंगणाच्या हद्दीला लागून होती. घासाघीस करून निम्म्या भावात मिळवली. एवढी स्वस्त का, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

कुंपण घालायला आलेले गावातले मजूर मोहाच्या एका झाडापाशी थांबले. राज्याच्या हद्दीचा दगड अजून बराच पुढे होता.

"मोजणी बरोबर हाय भाऊ," म्हातारा मजूर म्हणाला. "पण आमच्या गावाची शीव इथी संपते. तिकडच्या गावाची नाल्यापासून लागते."

"मग मधली जागा कोणाची?"

"तुमचीच ना! तुमीच तं घेतली."

सगळे हसले. मी संतापून खांब उचलला आणि एकटाच आत शिरलो. भरदुपारी तिथे एक पाखरू बोलत नव्हतं. जमिनीवर फुटकी गाडगी, जुनी सुपं, लाल चिंध्या पडल्या होत्या. दोन्ही गावं आपापली रोगराई इथेच आणून सोडत होती.

मागचं हसणं थांबलं. पाहिलं तर सगळे पाठमोरे होऊन गावाकडे निघाले होते. मी ओरडलो.

"हाका मारू नका भाऊ," म्हातारा न वळताच म्हणाला. "शिवेपार सोडलेल्याकडं आमी मागं वळून पाहत नाई."